जागच्या जागी दहा हजार किलोमीटर

"मी येईपर्यंत इंजिन बंद करू नका," एवढं सांगून फिटर मोटरसायकलवरून गेला आणि त्याच दुपारी रस्ता पाण्याखाली गेला. म्हणजे फिटर पलीकडच्या बाजारगावात, इंजिनाचा स्टार्टर फिटरच्या दुकानात, आणि इंजिन इकडे बांधाच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेडमध्ये धडधडत उभं. अशी सगळी वाटणी झाली.

स्टार्टर नसला की काय होतं, हे घरातल्या थोरल्या सुनेला, थोरलीला, त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिला धक्का देणारी ती मोटर. त्या सकाळी मोटरीने धक्का दिला, इंजिन लागलं, आणि तिच्यातून निळा धूर निघून जळका वास सुटला. फिटरने चालत्या इंजिनावरूनच ती खोलून काढली, भोकावर पत्र्याचा तुकडा आवळला आणि हात पुसत म्हणाला, "आतली गुंडाळी जळाली. भरून आणतो. पण एक लक्षात ठेवा, चालू आहे तोवर इंजिन. एकदा बंद झालं की दगड."

"चौघांनी दोर लावून फिरवलं तर?" थोरलीच्या नवऱ्याने विचारलं. तो सहसा बोलत नसे, म्हणून सगळे त्याला घुम्या म्हणत. तो आपणहून बोलला म्हणजे प्रकरण काळजीचंच.

"चार सिलिंडर आहेत बाबा, आणि आतल्या हवेला बावीसपट दाब. चौघं नाही, चौदा लाव. दोर तुटेल, हे हलायचं नाही."

नदी त्या वर्षी ऐन बटाटा भरायच्या दिवसांत चढली होती. काठाला मातीचा उंच बांध होता म्हणून शेतं वाहून गेली नाहीत. पण पाणी कुणाचं ऐकतंय? वरून वाट मिळेना तर खालून. बांधाच्या बुडातून ते झिरपत होतं, सऱ्यांमधून उतरत होतं आणि सगळ्या शिवाराचं मिळून थोरलीच्या सासऱ्यांच्या कोपऱ्यातल्या चरात येऊन साठत होतं, कारण सगळ्यांत खोलगट जमीन यांची. चरातून ते उपसायचं, जाड पाइपाने बांधावर चढवायचं आणि परत नदीत टाकायचं. बाकीच्यांचे पंप विजेवरचे. विजेचे खांब पहिल्याच वादळात आडवे झाले. उरलं ते सासऱ्यांचं, म्हणजे म्हाताऱ्याचं इंजिन.

बटाट्याच्या बुडाशी दोन दिवस पाणी उभं राहिलं की तो आतून सडतो, आणि तो वास एकदा नाकात गेला की माणूस जन्मात विसरत नाही. वर्षाचं खाणं त्या मातीत होतं, विकायचा माल त्यात होता आणि पुढच्या पेरणीचं बेणंही त्यातच. इंजिन थांबलं तर दोन दिवसांत सगळं गेलं, इतका सरळ मामला.

म्हाताऱ्याला सगळे ड्रायव्हर म्हणत. बावीस वर्षं त्याने याच इंजिनाची छोटी मालगाडी चालवली, भाजीपाला बाजारात नेला. गाडीचा पत्रा गंजला, तळ खाली आला, रस्ता पायांतून दिसायला लागला, तेव्हा त्याने सांगाडा भंगारात दिला, पण इंजिन, गिअरबॉक्स आणि समोरचा मीटरचा बोर्ड एवढं ठेवून घेतलं. सिमेंटचा ओटा केला, त्यावर इंजिन आवळलं, गिअरबॉक्सच्या मागे पंप जोडला. बोर्ड समोरच्या खांबाला ठोकला. आणि गंमत अशी की किलोमीटर मोजणारी तारही त्याने जशीच्या तशी लावली. त्यामुळे चौथ्या गिअरमध्ये पंप फिरायला लागला की काटा चाळीसवर जाई आणि आकडे पुढे सरकायला लागत. इंजिन आपलं ओट्यावर, आणि घड्याळ म्हणे ताशी चाळीस.

थोरलीला नऊ वर्षं हे वेडच वाटत आलं होतं. ती नवीन आली त्या वर्षी स्वयंपाकघर गळत होतं आणि इंजिनाची शेडही गळत होती. पत्रे आधी कुणावर चढले हे सांगायला नको. थंडीत म्हातारा इंजिनावर गोधडी घालायचा. धाकटी जाऊ शहरात निघून जाताना म्हणाली होती, "ताई, या घरात पुढचा जन्म घेतलास तर इंजिनाचा घे." दोघी तोंडाला पदर लावून हसल्या होत्या.

शिवाय ते पुस्तक. गाडीसोबत मिळालेलं माहितीपुस्तक, कोपरे तेलाने काळे झालेलं. म्हाताऱ्याला आकडे कळायचे, पण अक्षरं वाचता येत नव्हती. आधी सासूबाई वाचून दाखवायच्या, त्या गेल्यावर ते काम थोरलीकडे आलं. अडीच लिटर, चार सिलिंडर, सत्तर अश्वशक्ती, चेंबरमध्ये ऑइल सात लिटर, दर दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलावे. ती भाजी निवडता निवडता वाचायची आणि म्हातारा डोळे मिटून ऐकायचा. बावीस वर्षांत आणि नंतरही दहा हजारांचा आकडा त्याने कधी ओलांडू दिला नव्हता. पूर यायच्या आदल्या दिवशीसुद्धा त्याने ऑइल बदललं होतं आणि थोरलीला आकडा लिहायला लावला होता. एकेचाळीस हजार सहाशे. लाख भरला की ते घड्याळ परत शून्यावरून सुरू व्हायचं.

पहिल्या दिवसापासून तिघांनी पाळ्या लावल्या. म्हाताऱ्याने नियम घालून दिले. डिझेलचा ड्रम चौथाईच्या खाली जाऊ द्यायचा नाही. आत हवा शिरली तर इंजिन गुदमरून बंद पडेल. दर तासाला हात लावून बघायचा, पाण्याच्या टाकीवरची वाफ बघायची, ऑइलच्या दाबाचा काटा बघायचा. काटा तीनवर हवा. चरात थोरलीने खुणा केलेली काठी रोवली. पाणी वरच्या खुणेला गेलं की रेस थोडी वाढवायची, उतरलं की कमी. चिखलात उभं राहून तिच्या पायांची बोटं पांढरी पडली, मधली चामडी सोलली. घुम्या खांद्यावरून डिझेलचे कॅन आणायचा. त्याच्या मानेला पट्टा पडला होता, पण तो काही बोलला असता तर तो घुम्या कसला.

बोलायचं तर ओरडायचंच. शेडमध्ये दुसरा आवाज टिकत नव्हता.

"किती झालं गं?" सकाळी म्हातारा ओरडून विचारायचा.

"नऊशे साठ, मामंजी."

"मग समुद्र आला." तो खाटेवर टेकायचा. "नऊशे किलोमीटर सांगतात समुद्र. तुझ्या सासूला बघायचा होता. मी म्हणायचो, गाडी भाजीची आहे, फिरायची नाही."

चौथ्या दिवशी वरचा आला. याची जमीन वरच्या अंगाला, म्हणून तो वरचा. तीन वर्षांपूर्वी त्याने आपला चर यांच्या बाजूला फोडला होता, त्यावरून भांडण झालं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. भांडणात तो चारचौघांत म्हणाला होता, "भंगाराला गोधडी घालणाऱ्या माणसाशी काय डोकं लावायचं?" त्यानंतर म्हातारा महिनाभर त्या वाटेने गेला नव्हता. आता वरचा गुडघाभर चिखलातून आपल्या ट्रॅक्टरचं डिझेल घेऊन आला. कॅन ठेवले आणि शेडच्या दारात उभा राहिला.

"चालतंय का?" त्याने विचारलं.

म्हाताऱ्याने मान हलवली.

"माझाही बटाटा त्याच्यावरच आहे म्हणायचा."

"सगळ्यांचाच आहे," म्हातारा म्हणाला. "तेवढी चिखलाची पावलं बाहेर पुस."

वरच्याने पावलं पुसली. दुसऱ्या दिवसापासून डिझेल सगळीकडून यायला लागलं.

सातव्या दिवशी दुपारी थोरली एकटी पाळीला होती. बसल्या बसल्या तिने पुस्तक उघडलं. दुसरं वाचायला तरी काय होतं? मिनिटाला सोळाशे फेरे, हे तिने काट्यावरून पाहिलं. दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा पेट घेतो, हे पुस्तकात होतं. तिने कोळशाच्या तुकड्याने खांबावर गणित मांडलं. मिनिटाला बत्तीसशे वेळा. दिवसाला सेहेचाळीस लाख. गणित चुकलं असेल म्हणून तिने पुसून परत केलं. परत तेवढंच आलं. सात दिवसांत तीन कोटींच्या वर.

ती बघत राहिली. आत काडी नाही, ठिणगी नाही. नुसती हवा दाबायची, बावीस घरांतली माणसं एका घरात कोंबावीत तशी, की ती हवा दाबानेच इतकी तापते की डिझेलचा फवारा आला की पेटतो. हे तीन कोटी वेळा झालं आणि एकदाही चुकलं नाही. तिच्या हातून दिवसातून एक भाकर तरी करपायची. तिने इंजिनाच्या डोक्यावरच्या, टॅपेटच्या झाकणावर तळहात ठेवला. गरम होतं, पण सोसवेल इतकं. आतली थरथर हातातून कोपरापर्यंत चढली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते तिला कळलं नाही. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून तिने पुसलंही नाही.

म्हातारा पाळीवर आला तेव्हा तिने खांबावरचे आकडे दाखवले.

"तीन कोटी, मामंजी."

म्हाताऱ्याने आकड्यांवरून बोट फिरवलं. "मला वाटायचं खूप असेल," तो म्हणाला. "इतकं नव्हतं वाटलं."

नवव्या दिवशी दाबाचा काटा अडीचवर आला. दहाव्या दिवशी दोनवर. थोरलीने ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली. ऑइल डांबरासारखं काळं झालं होतं आणि बोटावर पाण्यासारखं पळत होतं. अकराव्या दिवशी सकाळी काटा दीडच्या खाली गेला.

"आज चार वाजता दहा हजार भरतील," म्हातारा म्हणाला. त्याने काट्याकडे बघितलंच नव्हतं, तो आकड्यांकडे बघत होता. "ऑइल बदलायला हवं."

घुम्या बापाकडे वळला. अकरा दिवसांचा शीण, जागरण, मानेवरचा पट्टा, सगळं त्याच्या तोंडी आलं. "बाबा, ते जागचं हललेलं नाही. कसले दहा हजार? ऑइल बदलायला इंजिन बंद करावं लागतं, आणि बंद केलं की संपलं. पुस्तक घेऊन चाटायचंय का मग?"

इतकं मोठं वाक्य तो घरात लग्नातही बोलला नव्हता. म्हातारा खाटेवर बसला.

"पोरा, चाक फिरलं नसेल," तो म्हणाला. "आतलं सगळं फिरलंय. ऑइलला काय माहीत आपण कुठे गेलो की नाही?"

थोरलीने काट्यावर बोट ठेवलं. "अहो, मामंजींचा आकडा सोडा. हा बघा. याला तर कुणी पुस्तक वाचून दाखवलं नाही ना? रोज अर्धा उतरतोय. उद्या एकवर, परवा अर्ध्यावर, तेरवा शून्यावर. शून्यावर गेलं की काय होतं, मामंजी?"

"बेरिंग कोरडं पडतं. जळतं. मग स्टार्टर आला तरी उपयोग नाही."

"फिटर?"

"पाणी उतरल्याशिवाय कसा येणार? तीन दिवस तरी."

म्हणजे बंद केलं तरी मेलं, आणि तसंच ठेवलं तरी मेलं. घुम्या बाहेर जाऊन चराच्या काठावर बसला. थोरलीही त्याच्या मागे गेली, कारण काठीची खूण बघायची वेळ झाली होती. पाणी मधल्या खुणेवर होतं. काल तिथेच होतं, परवाही तिथेच. अकरा दिवसांत या चरातून किती पाणी नदीत गेलं असेल त्याचा हिशेब नाही, आणि काठीवर बघाल तर जणू काही झालंच नाही. जेवढं गेलं तेवढं आलं.

ती तशीच उभी राहिली. मग शेडमध्ये पळाली.

"मामंजी, चेंबरचा खालचा नट पूर्ण न काढता नुसता ढिला केला तर? खालून बारीक धार सोडायची आणि वरून तेवढंच नवीन ओतायचं. पातळी हलू द्यायची नाही. चरासारखं."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने वाकून त्या नटाकडे बघितलं.

"चालू इंजिनात," तो म्हणाला.

"चालू इंजिनात."

"असं कुणी करत नाही, सूनबाई."

"करत नसतील. त्यांच्याकडे स्टार्टर असतो."

म्हाताऱ्याने डोळे मिटले, पुस्तक ऐकताना मिटायचा तसे. मग म्हणाला, "ऑइल तापलेलं असेल. कढईतल्या तेलासारखं. नट हातातून सुटला तर सात लिटर चार श्वासांत खाली येईल. आणि हात कुणाचा जाणार तिथे?"

ओटा आणि चेंबर यांच्यामध्ये वीतभर जागा होती. म्हाताऱ्याचा पंजा जाड, घुम्याचा मनगटाशी अडला. थोरलीचा हात कोपरापर्यंत गेला. ते कुणी ठरवलं नाही, झालं तसं.

घरात नवीन ऑइलचा सात लिटरचा एक डबा होता. वरच्याकडून पाच लिटर आलं. तो स्वतःच घेऊन आला आणि थांबला. दुपारचे तीन वाजले होते. ढगांतून थोडं ऊन पडलं होतं. म्हाताऱ्याने क्लच दाबून पंप सोडवला, रेस तशीच ठेवली. भार उतरला तसा आवाज हलका झाला. आता पाणी चढायला लागणार, म्हणजे वेळही थोडाच.

"तू काट्यावर," त्याने घुम्याला सांगितलं. "डोळा हलवायचा नाही. एकच्या खाली गेला की ओरड." वरच्याला परात धरायला लावलं. स्वतः तो ऑइल भरायचं टोपण काढून डबा घेऊन उभा राहिला. इंजिनाच्या उघड्या तोंडातून गरम ऑइलचे शिंतोडे उडून त्याच्या दाढीवर, कपाळावर बसत होते. तो पुसत नव्हता.

थोरली ओट्यापाशी चिखलात आडवी झाली. गाल ओल्या सिमेंटला टेकला. हाताला घुम्याच्या जुन्या सदऱ्याची चिंधी गुंडाळली होती. पान्याने नट ढिला केला, मग पाना टाकला आणि नट बोटांत धरला. एक आटा. दोन आटे. तिसऱ्याला कडेने काळी धार आली, करंगळीएवढी, आणि चिंधीतून तिच्या बोटांना भिडली. तिच्या तोंडून आवाज फुटला, पण तो इंजिनाने खाल्ला.

"सोडू का?" वरून म्हातारा.

"ओता."

वरून ओतणं, खालून वाहणं. तिला वर काय चाललंय ते दिसत नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर फक्त धार होती आणि इंजिनाचं पोट होतं, आणि ती थरथर गालातून तिच्या दातांपर्यंत येत होती. "पावणेदोन," घुम्या ओरडत होता. "पावणेदोन. दीड. दीड." आकडा ऐकून ती नट अर्धा आटा घट्ट करायची, परत सैल करायची. बोटांची आग आता हातभर पसरली होती. मग कशी कोण जाणे, चिंधी घसरली. धार उघड्या तळहातावर आली. तिचा हात झटक्याने मागे आला आणि नट आणखी दोन आटे फिरला. ऑइल भसकन आलं. परात भरून वाहिली.

घुम्याचा आवाज बंद झाला.

तिला ते कळलं. आकडा येत नव्हता. तिने डोळे मिटले, उघडा तळहात त्या उकळत्या धारेत परत घातला आणि नट वर दाबला. आटा लागेना. परत दाबला. लागला. तिने फिरवला, एक, दोन. धार करंगळीवर आली.

"एक," घुम्या ओरडला. त्याचा आवाज चिरकला होता. "सव्वा. दीड. दोन. दोन!"

बारा लिटर संपेपर्यंत धार काळ्याची तपकिरी झाली होती. तिने नट आवळला, पान्याने शेवटचा पीळ दिला आणि हात बाहेर काढला. तळहातावर नटाच्या सहा कडा उमटल्या होत्या. म्हाताऱ्याने क्लच सोडला, पंपाने पाणी धरलं आणि काटा पावणेतीनवर जाऊन थांबला. वरचा परात हातात धरून तसाच उभा होता. "माझ्या बापाच्यानं झालं नसतं हे," तो म्हणाला आणि तिच्या हाताला चोळायला काहीतरी आणायला घरी पळाला.

संध्याकाळी गार पाण्यात हात बुडवून ती पायरीवर बसली होती. घुम्या शेजारी येऊन बसला.

"शून्यावर गेला होता ना?" तिने विचारलं.

तो चराकडे बघत होता. "हो."

"ओरडला का नाहीत?"

"ओरडून तू काय करणार होतीस? हात तर तुझा आधीच आत होता." मग म्हणाला, "बाबांना नको सांगायला."

पुढचे तीन दिवस इंजिन चाललं. काटा तीनला टेकत होता, पाणी उतरत होतं, लोक बांधावरून हात करून जात होते. फक्त थोरलीला घास गोड लागत नव्हता. त्या शून्यात आत काय जळलं असेल? तिला प्रत्येक खडखड वेगळी वाटायची. नऊ वर्षं ज्याच्यावर हसलो, ते कोटी कोटी वेळा चुकलं नाही आणि आपण एकदा चुकलो, तेही याच्या जिवावर. ती पाळी नसतानाही येऊन झाकणावर डावा हात ठेवून बसायची.

चौदाव्या दिवशी फिटर आला. कमरेएवढ्या पाण्यातून, डोक्यावर स्टार्टर आणि खांद्यावर फिल्टर-ऑइलची पिशवी घेऊन. शेडच्या दारात येऊन तो थांबला आणि कान देऊन ऐकत राहिला.

"बंदच केलं नाही?" त्याने विचारलं.

"तूच म्हणालास, करू नका," म्हातारा म्हणाला.

"अहो, मी म्हणालो ते दोन दिवसांसाठी."

चरात पाणी घोट्याइतकं राहिलं होतं. म्हाताऱ्याने थोरलीकडे बघून मान हलवली. इंजिन बंद करायची तार आजवर त्याच्याशिवाय कुणी ओढली नव्हती. तिने डाव्या हाताने ओढली. इंजिनाने दोन उसासे टाकले आणि थांबलं.

इतकी शांतता पसरली की पाइपातून परत येणाऱ्या पाण्याचा आवाज मोठा वाटायला लागला. कुठेतरी पाखरू ओरडत होतं. ते चौदा दिवस तिथेच असणार.

"चहा टाकू का?" थोरली केकाटली. सगळे दचकले. मग फिटर हसत सुटला, आणि घुम्याही हसला. पुढे दिवसभर ते तिघं एकमेकांशी ओरडूनच बोलत होते.

पण आधी ऑइल. चालत्या इंजिनात ऑइल बदललं हे फिटरला पटेना. थोरलीचा तळहात बघितल्यावर पटलं. "फिल्टर तर जुनाच आहे ना? मग काय झालंय ते त्यात असणार." त्याने फिल्टर काढला, करवतीने कापला, आणि म्हणाला, "पांढरं फडकं द्या. बेरिंग जळालं असेल तर पितळी चमक दिसेल."

म्हाताऱ्याने आपला धुतलेला पांढरा सदरा आणून दिला. फिटरने तो उन्हात ताणून धरला आणि फिल्टरातलं काळं ऑइल, चेंबरमधलं ऑइल, सगळं त्यातून गाळलं. थोरली खांबाला टेकून उभी होती. घुम्या तिच्याकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

फिटरने कापड सूर्याकडे धरलं. तिरपं केलं. बोट फिरवून बोट डोळ्याजवळ नेलं. परत एकदा सगळं कापड वीत वीत करून पाहिलं.

"काही नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "काजळी आहे. धातूचा कण नाही. साडेतीनशे तास, चालू इंजिनात ऑइल बदललं, आणि एक कण नाही. वीस वर्षं हे काम करतोय मी." त्याने हात पुसले आणि इंजिनाला, कुणाला दिसू नये असा, हात लावून कपाळाला लावला.

थोरली खाली बसली. मग तिने सांगूनच टाकलं. "मामंजी, त्या दिवशी काटा शून्यावर गेला होता. माझा हात निसटला. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही."

"चार श्वास," म्हातारा म्हणाला.

ती बघत राहिली.

"माझा एक हात टॅपेटच्या झाकणावर होता ना. कोरडं पडलेलं मला कळत नाही होय? चार श्वास मी मोजले. पाचव्याला तार ओढून बंद करणार होतो." तो खाली वाकून सदरा गोळा करायला लागला. "म्हटलं हिने हात काढलाय, आता परत कोण घालतंय तिथे? तर तू घातलास. वरून दिसत होतं मला."

थोरलीला हुंदका आला. म्हाताऱ्याने तिकडे बघितलं नाही, त्याने खाटेवरचं पुस्तक उचललं. शेवटच्या पानांवर रकाने होते. तारीख, किलोमीटर, काय काम केलं, मेकॅनिकची सही.

"लिही. एकावन्न हजार सहाशे. चालू इंजिनात ऑइल बदललं."

तिने डाव्या हाताने, वेडंवाकडं, लिहिलं. सहीच्या रकान्याशी आल्यावर तिने पेन फिटरपुढे केलं, कारण तिथे नेहमी त्याची सही असे.

फिटरने हात मागे घेतला. "मी कुठे होतो?"

"कर की सही," घुम्या तिला म्हणाला.

तिने सही केली. तोवर फिटरने नवीन फिल्टर लावला, ऑइल भरलं, स्टार्टर बसवून चार बोल्ट आवळले. म्हाताऱ्याने कमरेच्या दोरीला बांधलेली चावी सोडली. दोरीला घासून घासून तिचा पितळी दांडा पातळ झाला होता. त्याने ती थोरलीच्या डाव्या हातात ठेवली.

"कुठे जायचं मामंजी?" तिने विचारलं. डोळे अजून ओले होते.

"पाणी अजून घोटाभर आहे," म्हातारा म्हणाला. "ते काढू आधी. मग बघू."

तिने चावी फिरवली. इंजिन अर्ध्या फेऱ्यात लागलं. दाबाचा काटा चढून तीनवर थांबला, आणि आकड्यांच्या घड्याळात शेवटचा आकडा हळूच पुढे सरकला.